वळसंगची चिंच

शालननं टॉवेलच्या कारखान्यातलं काम सोडलं, त्या दिवशी मालकानं तिला पेढ्यांचा पुडा, टॉवेलची एक जोडी आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरात आधीच तीन घड्याळं होती. तिनं चौथं कॉटखाली सरकवलं, टॉवेल झटकून बघितले, एका कडेला सुटलेला धागा नखानं तोडला आणि चहा टाकला. एकोणीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तिनं हेच केलं होतं. तयार टॉवेल हातात घ्यायचा, चारी कडा बघायच्या, सुटलेले धागे बारक्या कात्रीनं उडवायचे, घडी घालायची. आता दिवसभर उभं राहायला गुडघे तयार नव्हते.

तिचा नवरा हणमंत खिडकीपाशी पाट मांडून कागद कापत बसला होता. तो नव्या पेठेत लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कटिंग मशीनवर होता. सव्वीस वर्षांत त्यानं किती लग्नांच्या कडा सरळ केल्या असतील याचा हिशोब नव्हता. पत्रिका कापून झाली की खाली कतरण पडायची. जाड, गुळगुळीत, हळदी, मोतिया, डाळिंबी, कधी सोनेरी किनारीची. बाकीच्यांना तो कचरा. हणमंत मात्र ती पिशवीत भरून बुधवार पेठेतल्या घरी आणायचा.

सुरुवात मुलीच्या, संघप्रियाच्या, शाळेसाठी केलेल्या एका पोपटापासून झाली होती. पुढं त्याला एक युक्ती सुचली. एकाच कागदात सगळं कापण्यापेक्षा पुढचं गवत एका कागदात, मागची झाडं दुसऱ्यात, डोंगर तिसऱ्यात, आणि दोन कागदांच्या मधे सनबोर्डच्या, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीच्या, बारीक पट्ट्या. चौकटीत बसवलं की चित्राला खोली यायची. बघणाऱ्याला वाटायचं, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल. आता गावात त्याची अशी चित्रं कुठं कुठं होती. दाताच्या डॉक्टरांकडं हरणं, एका शाळेच्या हॉलमधे जंगल, मालकाच्या बंगल्यात धबधबा. पेठेत त्याला सगळे कागदवाले मामा म्हणायचे आणि ते त्याला आवडायचं.

शालननं मात्र एकाही चित्राला चांगलं किंवा वाईट म्हटलं नव्हतं. कागद धरायला, डिंक लावायला ती बसायची. झालं की म्हणायची, "झालं व्हय? मग ताट वाढू का?"

त्या दिवशी चहा पिता पिता हणमंतच्या मनात आलं, सगळ्या गावाला करून दिलं, हिला काहीच दिलं नाही. तो म्हणाला, "शालन, तुला एक करून देतो. काय पायजे सांग. मोर करू? का ते कमळाचं तळं?"

शालननं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या वळसंगची चिंच करा की."

"एवढंच?"

"एवढंच."

हणमंतला ते पोराटोरांचं काम वाटलं. त्याच्या छापखान्यामागच्या आवारात एक चिंच होती. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यासमोर उभा राहिला, एका पत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं आकार उतरवला आणि आठवड्याभरात पाच थरांची चिंच कापून काढली. खोड तपकिरी, पानं दोन हिरव्यांत, मागं फिकट आभाळ. त्याच्या मते आजवरच्या कामात ते उजवं होतं.

शालननं चौकट हातात घेतली, उजेडाकडं तिरकी करून बघितली, अगदी टॉवेल बघायची तशी.

"चिंच हाय," ती म्हणाली. "पर ही ती न्हाय."

"चिंचेत ती आन् ही काय असतंय?"

"तुमाला कसं कळंना? तुमी तिच्याखालीच बसलावता की. लग्नात."

हणमंतला काही म्हणजे काही आठवेना. एकतीस वर्षांपूर्वीचा मे महिना. वळसंगला रस्त्याकडेच्या वस्तीपुढं मांडव, वरातीची जीप, पांढऱ्या शर्टाची कॉलर टोचत होती, भंतेजींनी वंदना म्हटली, पंगतीत भाताला मीठ कमी होतं. मिठाचंसुद्धा आठवत होतं. झाड आठवत नव्हतं.

"बरं मग, रविवारी जाऊ, बघून येतो," तो म्हणाला.

"काय बघणार? रस्ता चौपदरी झाला तवाच तोडली ती. सा वर्सं झाली."

तिनं चौकट जपून भिंतीला टेकवली आणि भाकरीचं पीठ काढायला उठली. ती चिडली नव्हती, रुसली नव्हती. ती रुसली असती तर हणमंतला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीतून लग्नाचा अल्बम काढला. फोटोवाल्यानं माणसं सोडून कशालाच महत्त्व दिलं नव्हतं. सासरे, मेहुणा भिमा, हळदीच्या बायका, नवरदेवाच्या कपाळावर ऊन-सावलीचे ठिपके. ठिपके होते, म्हणजे वर पानं होती. एका फोटोत कडेला काळपट खोडाचा हातभर भाग आला होता आणि त्यावर चक्क सायकलची ट्यूब लोंबत होती.

"हे काय गं?"

शालन वाकून बघत हसली. "धोंडप्पाचं दुकान. पंक्चरचं. झाडालाच होतं. लगीन हाय, दोन दिस बंद ठेव म्हणलं तर ट्यूब तेवढी काढायची इसरला."

"हाय का तो अजून?"

"असंल की. आता काय पंक्चर काढत न्हाय."

अशी सुरुवात झाली. रविवारी दोघं मोटारसायकलवर निघाले. एमआयडीसी मागं पडली, गाड्यांची गर्दी विरळ झाली आणि रस्ता रुंद, गुळगुळीत, उघडा पुढं पसरला. हणमंत या रस्त्यानं कितीतरी वेळा सासुरवाडीला आला होता. आज पहिल्यांदाच त्यानं बघितलं, की वळसंगपर्यंत कुठं गाडी सावलीला लावावी म्हटलं तर जागा नव्हती.

भिमा, शालनचा धाकटा भाऊ, घरीच होता. चिंचेचं ऐकून त्याला गंमत वाटली. "दाजी, तेवढ्यासाठी आला? फोनवर सांगितली असती की. रस्त्याकडं वाकलेली होती. एश्टीचं टप घासायचं फांदीला. आमी पोरं टपावर बसलो की मान खाली घालायचो."

"रस्त्याकडं न्हाय," शालन म्हणाली. "आपल्याकडं वाकलेली. वस्तीकडं."

"आक्के, तू लगीन होऊन गेलीस. मी हितंच हाय. रस्त्याकडं."

"मी कळाया लागल्यापासनं चवदा वर्सं रोज बघितली तिला."

बहीणभावाची चांगलीच जुंपली. भिमाच्या बायकोनं शेंगाची चटणी न् भाकरी वाढली तरी दोघं पूर्व-पश्चिमेवरनं भांडत होते. हणमंत मधे पडला नाही. त्यानं खिशातून जुन्या पत्रिका काढल्या आणि एकीमागं लिहिलं, रस्ता. दुसरीमागं, वस्ती.

जेवण झाल्यावर भिमा त्याला झाडाची जागा दाखवायला घेऊन गेला. शालन भावजयीपाशी बोलत राहिली. जागेवर काहीच नव्हतं. गटाराची सिमेंटची फरशी आणि तिच्यापुढं डांबर. एक ट्रक गेला तशी दोघांच्या अंगावर गरम हवा आली.

"यंत्र लावून पाडली," भिमा म्हणाला. "सकाळी सुरू केलं, चारला फांद्या भरून गेल्या. मी आक्कीला फोन केलावता की. आत्ता पाडायलेत म्हणलं, येतीस का?"

"मग?"

"ती म्हणली, बरं. आन् म्हणली, मला कामाला जायाचं हाय, ठेव."

हणमंतला यातलं काहीच माहीत नव्हतं. सहा वर्षांमागं, पावसाळा संपता संपता, भिमा सांगत होता. त्यानं मनातल्या मनात मागं जाऊन बघितलं. त्या दिवसांत तो शाळेच्या हॉलसाठी जंगल करत होता. त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम, बावीस झाडं. रोज संध्याकाळी शालन कागदाची कड धरून समोर बसायची. त्यातल्याच एका संध्याकाळी ती ते ऐकून, कारखान्यातली पाळी करून, घरी येऊन बसली असणार आणि त्यानं तिला सांगितलं असणार, "नीट धर, हलवू नको."

परतताना एमआयडीसीच्या अलीकडं एका रसवंतीपाशी त्यानं गाडी थांबवली. दोन ग्लास रस आला. अर्धा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तू मला का सांगितलं न्हाईस?"

"काय?"

"झाड पाडलं ते."

शालननं पदरानं ओठ पुसले. "काय सांगायचं? झाड पडलं म्हणून सुट्टी मागायची व्हय? मुकादम हसला असता." मग म्हणाली, "तुमी कामात होता. लई रंगात आलावता."

ती टोचून बोलत नव्हती, तेच त्याला जड गेलं. त्यानं तिच्यासाठी आणखी एक ग्लास मागवला. ती नको नको म्हणत प्याली.

पुढच्या रविवारी ते धोंडप्पाकडं गेले. म्हातारा बाजेवर बसून रेडिओचं पोट उघडून बघत होता. पंक्चरचं दुकान रस्त्याबरोबर गेलं, आता मुलाचं मोबाइलचं दुकान होतं. धोंडप्पाला आकार-बिकार सांगता येईना. पण खोड मात्र त्याला तोंडपाठ होतं.

"सात खिळे होते," तो म्हणाला. "चार ट्यूबला, एक पंपाला, एक माज्या शर्टाला. सातवा कुणी ठोकला म्हाईत न्हाय, माज्या आदीपासनं होता. झाडानं गिळला होता निम्मा. आन् पोटात ढोली. हितं." त्यानं आपल्या बरगडीला हात लावला. "त्यात मी सोलूशनच्या ट्यूब ठेवायचो. एकदा आत घुबडाची पिल्लं निघाली. दोन म्हैने दुसरीकडं ठेवल्या मग."

"वाकलेली कुणीकडं होती?" हणमंतनं विचारलं. शालन आणि भिमा दोघं कान टवकारून उभे राहिले.

म्हाताऱ्यानं बराच वेळ डोळे मिटले. "खोड रस्त्याकडं. पर रस्त्याकडच्या फांद्या दर वर्सी छाटायचे. तारा होत्या, एश्टी होती. मग ती काय करंल? वाढली ती समदी मागं, तुमच्या वस्तीकडं. खाली रस्त्याकडं, वर वस्तीकडं. अशी." त्यानं हात वाकवून कोपर पुढं आणि बोटं मागं करून दाखवली.

शालन भावाकडं बघून म्हणाली, "ऐकलास?"

"माजं बी खरंच निघालं की," भिमा म्हणाला.

तिथून शालनच हणमंतला निंगव्वाकडं घेऊन गेली. निंगव्वा वस्तीच्या कडेच्या घरात राहायची. ऐंशी उलटून गेलेली, कन्नड बोलणारी. शालनला बघताच तिनं दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. मग दोघी कन्नडमधे जे सुरू झाल्या ते हणमंत बघतच राहिला. बायकोला कन्नड येतं हे त्याला ठाऊक होतं. त्या भाषेत ती एवढ्या मोठ्यानं हसते, हातवारे करते, मधेच समोरच्याचं बोलणं तोडते, हे त्यानं बघितलं नव्हतं. तो ओट्यावर बसून "हुणशी, हुणशी" एवढा एकच शब्द पकडत राहिला. चिंचेला हुणशी म्हणतात हे त्याला एव्हाना समजलं होतं.

"काय म्हणतीय?"

"म्हणतीय, झाड मला काय म्हाईत न्हाय, मी कदी वर बघितलंच न्हाय. माजी सावली होती ती. शिवरात झाली की या दिसांत सावली सकाळी हितवर असायची, या पायरीवर. शाळेची साडेधाची घंटा वाजली की पायरी सोडायची. तवर माज्या भाकरी व्हायला पायजेत. न्हायतर उन्हात चूल."

हणमंत एकदम ताठ बसला. माप हा त्याचा धंदा होता. त्या रविवारी साडेदहा वाजून गेले होते, म्हणून तो पुढच्या रविवारी पुन्हा आला. छापखान्यातली लांब फूटपट्टी आणि टेप बरोबर होती. साडेदहाला त्यानं निंगव्वाच्या अंगणात पट्टी उभी धरली आणि शालननं तिची सावली मोजली. मग दोघांनी झाडाच्या जागेपासून पायरीपर्यंत टेप धरली. निंगव्वा दारात बसून हे सगळं बघत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, की जावई सरकारी माणूस दिसतोय.

पत्रिकेमागं गुणाकार करून हणमंत म्हणाला, "पन्नास फूट. चार मजल्यांएवढी."

"मग?" शालन म्हणाली. "मी सांगत होते की, लई मोठी."

"तू मोठी म्हणलीस. पन्नास फूट न्हाय म्हणलीस."

ती पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर चापट मारून हसली, चारचौघांत.

घरी येऊन त्यानं जुना आकार फाडला आणि नवा काढायला घेतला. खोड रस्त्याकडं, ढोली, निम्मा गिळलेला खिळा, वरचा सगळा पसारा मागं. आठ दिवस कच्चं काम चाललं. शालन येता-जाता बघायची. नवव्या दिवशी ती पाटाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

"हे समदं बरोबर हाय," ती म्हणाली. "पर तुमी रस्त्यात उभं राहून बघायलाय."

"मग कुटनं बघू?"

"मी कदी तिला रस्त्यावरनं बघितलीच न्हाय. मी मागं असायची. वस्तीत, हापशापाशी."

आणि मग, भाजी निवडता निवडता, तिनं सांगितलं. तिचे वडील सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. सकाळच्या एश्टीनं जायचे, सहाच्या एश्टीनं यायचे. आई शेतावरून उशिरा यायची. धाकट्या भिमाला काखेत घेऊन शालन हापशाजवळच्या दगडावर बसून वाट बघायची. चिंचेच्या मागच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या, की एश्टी दिसायची नाही. फांदी आणि जमीन यांच्यामधे हातभर फट राहायची. एश्टी थांबली की त्या फटीतून उतरणाऱ्यांचे पाय दिसायचे. चपला, बूट, अनवाणी. त्यांतून ती बापाचे पाय ओळखायची.

"कसे?"

"डावा जरा ओढायचे. पोतं पडलंवतं एकदा." तिनं मेथीची जुडी सोडली. "एश्टी गेली की मग फांदी वर करून यायचे आत. फांदीखालनं वाकून. आधी डोकं, मग समदे."

हणमंतनं ब्लेड खाली ठेवलं. सासऱ्यांना तो लग्नानंतर चार वर्षं ओळखत होता. पाय ओढतात हे त्यानं बघितलं होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं.

त्यानं सगळं पुन्हा मांडलं. आता बघणारा वस्तीत, हापशाजवळ, एका लहान मुलीच्या उंचीवर होता. सगळ्यांत पुढं चौकटीच्या वरच्या कडेतून खाली आलेली पानं. त्यामागं चिंचा लगडलेल्या डहाळ्या. मग जाड फांद्या, मग खोड, ढोलीमागचा काळपट फुगवटा. खाली फट. फटीपलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं ज्वारीचं रान, शेवटी आभाळ. असे नऊ थर झाले. पन्नास फुटांचं झाड चौकटीत मावणार नव्हतंच. "मावू नको दे," शालन म्हणाली. "मला तरी कुटं समदी दिसत होती?"

अडलं ते पानांपाशी. चिंचेचं पान म्हणजे एका काडीला दहा-बारा जोड्या, एकेक जोडी तिळाएवढी. हणमंतनं आजवर झाडं केली होती ती ढोबळ पानांची. ब्लेडनं तो दिवसाला सातआठ काड्या कापायचा आणि निम्म्या तुटायच्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका संध्याकाळी तो तोंड धुवून आला, तर शालन त्याच्या जागेवर बसलेली. तिच्या हातात कारखान्यातली धागे कापायची बारकी कात्री होती आणि ती पेन्सिलीची रेघ न मारता हिरव्या पट्टीच्या दोन्ही कडांनी टिकटिक कापत चालली होती. समोर वीस-बावीस काड्या पडल्या होत्या. एकसारखी एकही नव्हती. काही जोड्या मिटलेल्या, काहींचं टोक खाली वळलेलं.

"ही मिटलेली का?"

"सांजच्याला चिंच पानं मिटती. सहाची एश्टी हाय नव्हं?"

हणमंतनं तिच्यासाठी उशी आणून पाठीमागं ठेवली, गुडघ्यांसाठी पाट तिरका केला, आणि स्वतः काड्या चिकटवायला बसला. दोन महिने असंच चाललं. छापखान्यातून तो आता हिरव्या कतरणीच शोधून आणायचा. शालन कापायची आणि बोलायची. कोण कुठल्या फांदीवरनं पडलं, चिंचा झोडपायला कुणाकुणाची पोरं यायची आणि कुणाच्या पोरांना आधी हाकलायचे, मग वस्तीतल्या बायकांनी कसं एक दिवस झाडाखालीच जाऊन पथारी टाकली. हणमंतला वाटलं, एकतीस वर्षं आपण हिच्याशी बोललो ते घरातलं काय संपलं आणि काय आणायचं एवढंच.

शेवटचा थर लावायच्या आधी त्यानं विचारलं, "फटीत पाय करू का? बसतील. डावा जरा मागं ठेवतो."

शालननं बराच वेळ त्या मोकळ्या फटीकडं बघितलं.

"नको," ती म्हणाली. "एश्टी अजून यायची हाय."

त्यानं फट तशीच ठेवली.

चौकट भिंतीवर लागली, तेव्हा तिथलं आधीचं चित्र हणमंतनं स्वतः काढून माळ्यावर टाकला. भिमा धोंडप्पाला गाडीवर बसवून घेऊन आला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पुसून बघितलं आणि तक्रार केली, की खिळे कुठं आहेत. खिळे रस्त्याच्या बाजूला होते, इथनं दिसायचे नाहीत, असं हणमंतनं समजावलं. "मग माजं दुकान दिसंना की," म्हणून तो जरा नाराज झाला, पण चहा घेऊन जाताना परत एकदा ढोलीपाशी बोट नेऊन आला. भिमा मात्र चित्रापुढं उभा होता. मग खाली बसला, जमिनीवर, आणि बसूनच बघत राहिला. तो उठला तेव्हा म्हणाला, "आक्के, मी तुज्या काखेत होतो व्हय गं तवा?"

"काखेत कुटला. ढोपरानं छाती दुखवायचास माजी."

संघप्रिया पुण्याहून सुट्टीला आली. तिनं फोटो काढून कुठंकुठं पाठवले आणि हणमंतला कामं यायला लागली. तो आता लोकांना विचारायचा, "कुठलं झाड? कुठं होतं? तुमी कुटनं बघायचा?" काहीजण वैतागून जायचे, त्यांना हॉलमधे लावायला काहीतरी हिरवं हवं असायचं. काही मात्र बसायचे आणि सांगायला लागायचे. होटगी रोडच्या एका बाईंनी शेवग्यावर तासभर सांगितलं.

एका रविवारी सकाळी असंच कुणीतरी सांगून गेल्यावर शालन म्हणाली, "समद्यांना इच्यारता. तुमचं कुटलं?"

"काय?"

"झाड. तुमच्या लहानपणचं."

"मी गिरणीच्या चाळीत वाढलो. तितं कुटलं झाड? नळाची रांग आन् भिंत." हणमंत हसला. मग हसता हसता थांबला. "भिंतीत एक उंबर होता. गिरणीच्या मागच्या भिंतीत, विटांमधनं आलेला. एवढासा. आमी त्याला चेंडू मारायचो."

"हाय का अजून?"

"गिरणीच बंद पडून किती वर्सं झाली. काय म्हाईत."

शालन उठली, चपला घातल्या, दारामागची किल्ली घेतली आणि त्याच्या हातात दिली. "चला की. लांब हाय व्हय?"

लांब नव्हतं. हणमंत चाळीस वर्षांत तिकडं फिरकला नव्हता एवढंच. चाळ गेली होती, तिथं गाळे झाले होते. गिरणीची मागची भिंत मधेच फुटून निम्मी खाली आली होती. फुटलेल्या जागेतून उंबर बाहेर निघाला होता, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. मुळांनी विटांचे ढिगारेच्या ढिगारे धरून ठेवले होते आणि खोडाला अंगभर लाल उंबरं लागली होती. खाली दोन शेळ्या पडलेली फळं वेचत होत्या.

हणमंत गाडीवरून उतरायचं विसरला. "हाच," तो म्हणाला. "मी लाथा मारल्यात याला."

शालननं आजूबाजूला बघून एक धड वीट शोधली, ती झाडून सावलीत ठेवली आणि गुडघ्यावर हात देत तिच्यावर बसली.

"बसा हितं," तिनं दुसरी वीट पुढं सरकवली. "आन् सांगा. चेंडू कुटनं मारायचा?"